सेनामोस

ब्युरेटी धुऊन, उपड्या घालून
प्रयोगशाळेला कुलूप लावलं की माझी नोकरी संपते,
आणि सहा वाजता, खोली दोनशे चौदामध्ये,
मी विद्यार्थी होतो.
कर्मचाऱ्यांना फी माफ, एवढंच कारण.
तावडेने विचारलं, स्पॅनिश कशाला रे, जायचंय कुठे?
म्हटलं, कुठे नाही. म्हणून तर.

मस्कतमध्ये माझं हे एकोणिसावं वर्ष.
वर्गातल्या पोरांचं वयही तेवढंच.

येसेनियाबाई आरेकिपाच्या, एसीत शाल पांघरून शिकवणाऱ्या.
पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन रकाने आखले:
एल. ला.
मी तिसऱ्याची वाट पाहत राहिलो.
संपलं? हो, संपलं.
मग मूल कुठे ठेवू, मीठ कुठे,
घर, विमानाचं तिकीट?
घर बाई झालं. तिकीट बाप्या.
पाणी बाईच, पण 'एल' लावून आलं,
घाईत नवऱ्याची चप्पल घालून यावं तसं.

पुढे 'असणं' आलं. तेही दोन.
एक कायमचं, एक सध्यापुरतं.
दर दोन वर्षांनी रहिवासाचं कार्ड बदलणाऱ्याला
हा धडा दोनदा सांगावा लागत नाही.
पण 'तो मेलेला आहे' हे सध्यापुरत्यात बसतं
असं बाई म्हणाल्या, तेव्हा वर्ग हसला.
मी वहीच्या कडेला चांदणी काढली.

कँटीनमध्ये मारिविक.
मी ऐटीत म्हटलं, कुचारा द्या.
कुत्सारा, तिने चमचा देत दुरुस्ती केली,
सोमवारलाही आम्ही लुनेसच म्हणतो,
तीनशे वर्षं फुकट शिकवणी होती आमच्याकडे.

मध्यम वर्गात आलो तेव्हा बावीसातले आठ उरलो.
जे नाही पण असावं, त्याची वेगळी रूपं.
यावं, जावं, मिळावं, पाऊण आयुष्य यातच गेलेलं;
मला सोपं गेलं.
ओखाला, बाई म्हणाल्या, तसं होवो.
शम्सा बाकावरून उठलीच: हा आमचा शब्द,
यात अल्लाह आहे, नीट ऐका!
मग साखर निघाली. बाईंची असूकार,
तिची सुक्कर, माझी साखर,
एकाच गलबतातून उतरून तीन बंदरांत हरवलेली.
तिघांचा चहा मात्र बिनसाखरेचा.

परवा निबंध दिला: माझं कुटुंब, दहा ओळी.
साडेसातला वर्ग सुटला. गाडीतळाचा कठडा
रात्रीसुद्धा तापलेला. फोन लावला. तिकडे नऊ.
हेमांगी म्हणाली, आम्ही जेवलो.

आम्ही. म्हणजे ती, अण्णा, दोन्ही पोरं.
इतकी वर्षं हा शब्द कानावर पडतो,
त्याला कुंपण आहे हे कळायला
आरेकिपाची बाई यावी लागली.
'आपण'मध्ये ऐकणाऱ्याला पाट असतो,
'आम्ही' त्याला अंगणात उभा ठेवतं.
तिची चूक नाही. व्याकरण अचूक आहे,
मी जेवलोच नव्हतो.

स्पॅनिशमध्ये एकच: सेनामोस.
आम्ही जेवलो, सेनामोस.
आपण जेवतो, सेनामोस.
किती जण, काल की आत्ता, कोण दूर,
काही विचारत नाही ते.
दार नुसतं लोटलेलं.

ही घे, पोळी गार होतेय म्हणून ती कुणाला तरी ओरडली,
मी 'बरं' म्हणालो, जणू मलाच.

निबंधाची पहिली ओळ तीच लिहिली.
आज वही परत आली. शब्दाखाली लाल रेघ,
समासात बाईंचं तिरकं अक्षर:
भूतकाळ की वर्तमान? स्पष्ट करा.